तोकावा स्टेशनाची लेक

परवा पुतण्या घरी आला होता. नोकरीच्या निमित्तानं दीड वर्ष जपानात राहून आलेला. जेवणं झाली, सुपारी झाली, आणि त्यानं मोबाइल पुढे केला. "चाचा, हे बघा. तिथं होतो तेव्हा मी स्टेशनं गोळा करायचो." मला वाटलं, फोटो असतील. पण निघाला तो एक खेळ. पडद्यावर जपानचा नकाशा, त्यावर स्टेशनांची नावं, आणि गणवेश घातलेली, मोठ्या डोळ्यांची एक चित्रातली मुलगी.

या खेळाचं नाव एकिमेमो. 'स्टेशनांच्या आठवणी' या अर्थाच्या नावाचं हे लघुरूप. २०१४ साली तो जपानमध्ये सुरू झाला. त्यात देशभरातली ९०००हून अधिक स्टेशनं आहेत. खेळणारा प्रत्यक्ष जिथं असेल तिथलं जवळचं स्टेशन मोबाइल ओळखतो आणि ते त्याच्या खात्यात जमा होतं. या कामात त्याला साथ देतात त्या 'देन्को', म्हणजे खऱ्या गाड्या आणि खरी स्टेशनं यांच्यावरून रेखाटलेल्या मुली. मी पुतण्याला म्हटलं, "अरे, स्टेशनाला कसला चेहरा? विटा, पत्रा आणि घड्याळ!" तो हसला. पण प्रश्न माझ्याच डोक्यात राहिला. स्टेशनाला माणसाचा चेहरा द्यावा, असं कुणाला का वाटलं असेल?

शोध घेता घेता या खेळाच्या मागे गेलो. जपानमध्ये २००५ साली टोमीटेक नावाच्या खेळणी बनवणाऱ्या कंपनीनं 'तेत्सुदो मुसुमे' ही मालिका काढली. तेत्सुदो म्हणजे रेल्वे. मुसुमे म्हणजे मुलगी, लेक. रेल्वेच्या लेकीच म्हणा ना. कुणी कंडक्टर, कुणी ड्रायव्हर, कुणी स्टेशनावरची कर्मचारी. आधी त्या हातभर अंतरावर ठेवायच्या बाहुल्या होत्या, पुढे मोबाइलवरच्या खेळातही शिरल्या. गंमत त्यांच्या नावांत आहे. नाव आणि आडनाव दोन्ही त्या त्या रेल्वेमार्गावरच्या खऱ्या स्टेशनांवरून किंवा गाड्यांवरून घेतलेलं. त्यातल्या एका लेकीच्या नावाशी मी थांबलो. तिचं नाव तोकावा त्सुकुशी.

तोकावा हे एका इवल्याशा स्टेशनाचं नाव. टोकियोच्या पूर्वेला चिबा प्रांत आहे. त्याच्या अगदी टोकाला, तोने नदी प्रशांत महासागराला मिळते तिथं चोशी नावाचं गाव आहे. मासेमारीचं मोठं बंदर आणि सोया सॉसचं जुनं घर. हिगेता हा तिथला कारखाना १६१६ सालचा, यामासा १६४५ सालचा. म्हणजे इकडे शिवाजी महाराज तरुण होते तेव्हा तिकडे चोशीत सोयाचे लाकडी पिंप भरले जात होते. चोशी स्टेशनातून एक छोटी विजेची गाडी निघते, कोबीच्या शेतांतून, घरांच्या परसांना घासून जाते आणि ६.४ किलोमीटरवर संपते. शेवटचं स्टेशन तोकावा. पुढे उतार आणि उताराच्या पायथ्याशी कोळ्यांचं बंदर.

या साडेसहा किलोमीटरांचा इतिहास सरळ नाही. १९१३ साली इथं पहिल्यांदा रेल्वे आली. इनुबो टोकावर १८७४ साली ब्रिटिश अभियंता ब्रंटन यानं बांधलेलं विटांचं दीपगृह आहे, ते बघायला येणाऱ्या हौशी लोकांसाठी. पण चारच वर्षांत, १९१७ साली, ती बंद पडली. पहिलं महायुद्ध चालू होतं, लोखंडाचे भाव चढले होते, तेव्हा मालकांनी रूळ उखडून विकले. नफा झाला, गाडी गेली. गावानं हार मानली नाही. ५ जुलै १९२३ रोजी नवी गाडी सुरू झाली, या वेळी थेट तोकावापर्यंत. दोन वर्षांनी तिला वीज मिळाली. १९४५च्या जुलैत अमेरिकी विमानांनी चोशी जाळलं, त्यात या रेल्वेचीही होरपळ झाली. तरी ती पुन्हा उभी राहिली. तोकावाची लाकडी इमारत मात्र १९२३ पासून आहे तिथंच आहे.

मग माणसं कमी झाली. मोटारी आल्या, तरुण शहरात गेले, म्हातारे उरले. तिकिटांवर गाडी चालेना. तेव्हा कंपनीनं १९७६ साली एका स्टेशनावर 'ताईयाकी' विकायला घेतले, माशाच्या आकाराचे, गोड पुरणाचे. त्या वेळी याच ताईयाकीवरचं एक बालगीत घरोघरी वाजत होतं, त्या लाटेचा फायदा झाला. १९९५ पासून 'नुरे सेनबेई' आली. सेनबेई म्हणजे तांदळाची भाजलेली जाड पापडी. ती गरम असतानाच सोया सॉसमध्ये भिजवायची, की मऊ, ओलसर होते. गावचा सोया, गावची पापडी, गावची गाडी. हळूहळू असं झालं की तिकिटांपेक्षा पापडीचे पैसे जास्त.

२००६ साली खरा घाला पडला. कंपनीच्या माजी अध्यक्षानं केलेला अपहार उघडकीला आला, सरकारी मदत थांबली, आणि डब्यांच्या सक्तीच्या तपासणीची तारीख जवळ आली. तपासणीला पैसे नाहीत, तपासणी नाही तर गाडी नाही. त्या नोव्हेंबरात कंपनीनं आपल्या संकेतस्थळावर एक साधं निवेदन टाकलं. आम्हाला गाडी दुरुस्त करायची आहे, पैसे नाहीत, कृपा करून आमची ओली पापडी विकत घ्या, अशा आशयाचं. त्यात ना घोषणा, ना आरोप. देशभरातून इतक्या मागण्या आल्या की पापडी करणाऱ्यांचे हात पुरेनात. तपासणी झाली. गाडी चालत राहिली.

मला या ठिकाणी त्या लेकीच्या नावाचा दुसरा भाग आठवतो. त्सुकुशी. चोशीच्या पार्श्वभूमीवर १९८५ साली जपानच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर 'मिओत्सुकुशी' ही रोज सकाळची मालिका गाजली होती. सोयाच्या कारखानदाराची मुलगी आणि कोळ्याचा मुलगा यांच्या प्रेमाची. मालिकेचं नाव पुढे या रेल्वेच्या एका उघड्या डब्यालाही मिळालं, आणि त्यातला त्सुकुशी हा तुकडा या मुलीच्या नावात आला. मिओत्सुकुशी म्हणजे उथळ पाण्यात नावांना वाट दाखवायला रोवलेला खांब. पण जुन्या जपानी कवींनी या शब्दात श्लेष पाहिला होता. त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ होतो, स्वतःला पुरतं झिजवणं. वाट दाखवणारा खांब आणि झिजून जाणारा जीव, एकाच शब्दात. नाव ठेवणाऱ्याच्या मनात हे होतं की नव्हतं, देव जाणे. मी शब्दांचा माणूस, मला ते दिसल्यावाचून राहिलं नाही.

पुढेही संकटं आली. २०११च्या भूकंपानंतर पर्यटक आटले. २०१४च्या जानेवारीत गाडी रुळावरून घसरली, तेव्हा चोशीतल्या वाणिज्य शाळेच्या मुलांनी दुरुस्तीसाठी लोकवर्गणी उभी केली. २०१५ साली कंपनीनं स्टेशनांना टोपणनाव देण्याचे हक्क विकायला काढले. कासागामी-कुरोहाए नावाच्या स्टेशनाचं टोपणनाव केसांची निगा राखणाऱ्या वस्तूंच्या एका कंपनीनं घेतलं, आणि जपानी भाषेत दोनच अक्षरं हलवून त्याचा अर्थ केला, 'केस काळे उगवोत'. तोकावाला जे टोपणनाव मिळालं ते 'आरिगातो'. म्हणजे धन्यवाद. २०१८ साली कंपनीनं 'माझुई बो' नावाचा खाऊ काढला. माझुई म्हणजे बेचव, आणि माझुई म्हणजे बिकटही. खाऊ चवदार, पण आमची परिस्थिती माझुई, असा विनोद. २०२० साली 'गाडी थांबवू नका' अशा अर्थाच्या नावाचा चक्क एक चित्रपटही काढला. आणि २०२३च्या जुलैत या गाडीनं शंभर वर्षं पूर्ण केली.

आता तो चेहरा मला वेगळा दिसू लागला. चित्रातली मुलगी काही गाडी ओढत नाही. पण 'अमुक किलोमीटरचा तोट्यातला मार्ग' या शब्दांवर फुली मारणं सोपं असतं. 'तोकावाची लेक' म्हटलं की हात जरा थबकतो. मात्र नुसतं थबकून भागत नाही. चोशीची गाडी वाचली ती चेहऱ्यामुळे नव्हे, चेहरा पाहून ज्यांनी खिशात हात घातला, जे तिकीट काढून तिथवर गेले, त्यांच्यामुळे. एकिमेमोसारख्या खेळाचं मला कौतुक वाटतं ते इथं. घरात बसून तो पुरा होत नाही. स्टेशन हवं असेल तर स्टेशनाजवळ जावं लागतं.

हे लिहिताना मान खाली जाते, कारण मी वऱ्हाडातला. मूर्तिजापूरहून एका अंगाला अचलपूर आणि दुसऱ्या अंगाला यवतमाळ, अशी अरुंद रुळांची कापसाची गाडी आमच्याकडे होती. तिला लेकीचं नाव द्यायला आम्हाला कुठल्या कंपनीची गरज पडली नाही. लोकांच्या तोंडी ती शकुंतलाच होती. मँचेस्टरमध्ये १९२१ साली घडलेलं तिचं कोळशाचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं. "शकुंतला आली का रे?" असं अम्मी विचारायची, जणू शेजारची मुलगी शाळेतून यायची आहे. मी तिच्यावर दोन कविता केल्या. संमेलनांत त्यांना टाळ्या मिळाल्या. पण त्या संमेलनांना मी गेलो एस.टी.नं, कारण शकुंतला फार वेळ लावायची. गेली काही वर्षं तिचे रूळ गप्प आहेत. कविता माझ्या वहीत आहेत.

पुतण्या मोबाइल खिशात घालत होता. मी विचारलं, "त्या तोकावाला खरंच उतरला होतास, की गाडीतूनच गोळा केलंस?"

"उतरलो ना, चाचा," तो म्हणाला. "शेवटचंच स्टेशन ते, उतरावंच लागतं. बाहेर एक जुना डबा उभा करून ठेवलाय, तो पाहिला. खाली बंदरापर्यंत चालत गेलो. परत येताना पापडीची दोन पाकिटं घेतली."

"आणि आपल्या शकुंतलेत कधी बसलास?"

तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही कधी नेलंच नाही."