तळटीप : गुलाबी बोंडअळीची सुप्तावस्था

ग्रंथकर्त्याने येथे जिचा ओझरता उल्लेख केला आहे, ती ही अळी १८४२ साली भडोचच्या कपाशीवर आढळून शास्त्रज्ञांच्या दप्तरी दाखल झाली. आणि नागपूरच्या मिहान प्रकल्पापासून जवळच, वर्धा मार्गावर पांजरी येथे ज्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे क्षेत्र आहे, तिच्या कामकाजात या किडीने फार मोठी जागा अडविली आहे. दिवस लहान होऊन रात्री गारठू लागल्या, की पूर्ण वाढलेली अळी कोषावस्थेत जाणे लांबणीवर टाकते, दोन पोखरलेल्या सरक्या रेशमी धाग्याने एकमेकींस जोडते, आणि त्या पोकळीत पुढील हंगामापर्यंत स्वस्थ पडून राहते. (फरदडीची, म्हणजे हंगाम सरल्यावरही शेतात राखलेल्या कपाशीची, हिरवी बोंडे मिळत राहिली, तर मात्र सगळ्याच अळ्या ही तजवीज करीत नाहीत.) हा निर्णय शरीरातील कोणत्या घड्याळावरून होतो, हे शोधण्यासाठी कीटकाचा संपूर्ण जनुकक्रम हाती असणे अगत्याचे, कारण 'पीरियड' या दैनंदिन लय राखणाऱ्या जनुकाचा सुप्तावस्थेशी संबंध युरोपातील मका पोखरणाऱ्या अळीत दिसून आला आहे. गुलाबी अळीचा गुणसूत्रनिहाय जनुकक्रम २०२३ साली प्रसिद्ध झाला, तोही अमेरिकेतील संशोधकांकडून, जेथे तिचे उच्चाटन झाल्याचे २०१८ सालीच जाहीर झाले होते. २०१७ साली बीटी कपाशीलाही न जुमानता तिने घातलेला धुमाकूळ सोसलेल्या विदर्भास हा विरोधाभास बोचल्यावाचून राहणार नाही. तूर्त शेतकऱ्यापाशी उपाय जुनाच आहे : फरदड न घेता पऱ्हाटी वेळेवर उपटून तिची विल्हेवाट लावणे.