खापरपणजोबांची कबर आणि पंचाहत्तर वर्षांची अट

आमच्या खापरपणजोबांची कबर शोधतोय, असं मी एका बैठकीत सहज बोलून गेलो. एक ज्येष्ठ सहकारी तिथल्या तिथे म्हणाले, "पितरं सोडून आपण बुद्धाकडे आलो. आता पुन्हा कबरी कशाला उकरता?" त्यांचा रोख कळला. बावीस प्रतिज्ञांपैकी सहावी श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारते, आणि आमच्या घरात धम्मदीक्षेनंतर कुणी पितरांचं पान वाढलेलं नाही. मी कबर शोधत होतो ती एका शासकीय अर्जासाठी. बैठकीत ते नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. वस्ती मुख्यतः वारली, कोकणा, दुबळा, धोडी समाजाची. त्यात बौद्धांची घरं मोजकी, कुठे चार, कुठे सहा. अशाच एका गावात आमचं कुटुंब वनजमिनीच्या तुकड्यावर पिढ्यानपिढ्या भात आणि नागली करत आलं. शेजारचा वारली भाऊ त्याच उतारावर तेच पीक घेतो. २००६ चा वनहक्क कायदा आला आणि या दोन बांधांमध्ये एक रेघ पडली. आदिवासी दावेदाराने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की पुरे. आम्ही मात्र 'इतर पारंपरिक वननिवासी'. त्यांच्यासाठी त्या तारखेपूर्वी किमान तीन पिढ्यांचं वास्तव्य हवं, आणि कायद्यात एक पिढी म्हणजे २५ वर्षं. म्हणजे हिशेब १३ डिसेंबर १९३० च्या मागे जातो.

वारली-कोकणा बांधवांच्या हक्काबद्दल माझी काही तक्रार नाही. जंगल त्यांच्याकडून हिसकावलं गेलं आणि त्यांच्यावरचा अन्याय दूर करायला हा कायदा झाला, तो तसाच राहिला पाहिजे. माझं म्हणणं पुराव्यापुरतं आहे. १९३० साली भूमिहीन महाराकडे कोणता कागद असणार? सातबारा नाही, शाळेचा दाखला नाही, रेशनकार्ड तर तेव्हा नव्हतंच. ज्यांना अक्षर शिकू दिलं नाही त्यांच्याकडेच अक्षरातला पुरावा मागायचा, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

कार्यकर्त्यांसाठी एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण या गैरसमजापायी फाइली मरताना पाहिल्या आहेत. तोच तुकडा ७५ वर्षं कसला, असं सिद्ध करावं लागत नाही. पंचाहत्तर वर्षं दाखवायची ती वास्तव्याची आणि जंगलावर अवलंबून असण्याची. जमिनीचा ताबा २००५ पूर्वीचा असला की चालतो.

आणि नियम १३ मुळातून वाचा. पुराव्यांच्या यादीत सरकारी कागद आहेत, तशीच वंशावळ आहे, दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब आहे आणि जुनेपण सिद्ध करणाऱ्या पारंपरिक खुणाही आहेत. त्या खुणांची उदाहरणं दिली आहेत: विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळं. यांतले किमान दोन पुरावे लागतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर वरच्या समित्यांना 'अमुकच कागद आणा' असा हट्ट धरता येत नाही.

दफनभूमी हा शब्द वाचला आणि मी आजीकडे गेलो.

आमच्यात पूर्वी पुरायचे. आजीने आपल्या आजेसासऱ्यांना पाहिलेलं नाही, पण तिच्या सासूने तिला जागा दाखवली होती. "चिंचेखाली नाय, चिंचेच्या खालल्या अंगाला, वहळाकडे. तिथं पाय नको देऊ म्हणायची." एवढाच पत्ता. त्या वेळी कबर म्हणजे मातीचा ढीग, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड आणि काटेरी फांद्या. आमच्याकडचा पाऊस असा, की दोन-चार पावसाळ्यांत ढीग जमिनीबरोबर होतो. काटे कुजतात, दगड कुणाच्या तरी बांधाला लागतो. नाव कोरलेली फरशी हा पैशाचा आणि अक्षराचा मामला होता, दोन्ही आमच्याकडे नव्हतं.

आधी साल शोधलं. गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, ज्यांना लोक कोतवाल बुक म्हणतात, जातीच्या दाखल्यांमुळे आता बऱ्याच जणांना माहीत आहेत. तलासरीकडच्या गावांसाठी एक मेख लक्षात ठेवा. १९६० साली राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव तालुका गुजरातेत गेला आणि इकडे राहिलेल्या गावांचा पुढे तलासरी तालुका झाला. त्याआधीच्या नोंदींना तलासरी हे तालुक्याचं नाव असणार कसं? जुन्या तालुक्याचं नाव अर्जात घातलं तेव्हाच योग्य दप्तर माझ्यासमोर आलं. अक्षर मोडी. वाचून देणारा मिळायला महिने गेले. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायच्या ठरल्या तेव्हा सरकारला राज्यभर मोडी वाचणारे सापडले. वनहक्काच्या दावेदारांसाठी ते का सापडू नयेत, हे कुणीतरी विचारायला हवं.

नोंद मिळाली. १९३० च्या आतली, एका ओळीची. नाव, जात महार, वय अंदाजे, कारण ताप. ती ओळ पाहताना एक गोष्ट मनात अडकली. गावात कुणी मेलं की पाटलाकडे वर्दी नेणं, परगावी सांगावा नेणं, सरणाची लाकडं वाहणं ही वतनी कामं महाराचीच. मोबदल्यात मढ्यावरचं कापड. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक आणलं ते याच गुलामीवर बोट ठेवून. गावभरच्या मरणाची वर्दी देणाऱ्या माणसाच्या मरणाची वर्दी कुणी दिली असेल? बहुधा त्याच्याच मुलाने, पाटलाच्या ओट्याखाली उभं राहून.

साल मिळालं, पण जागा दप्तरात नसते. ती सांगितली वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या वारली बाबांनी. लहानपणी ते त्या वहळावर गुरं राखायचे आणि त्यांच्या बापाने त्यांना तो दगड ओळखून दिला होता. "म्हाराचा म्हातारा हाय तिथं. बावटा आला त्याच्या आधीचा."

बावटा आला म्हणजे १९४५. आमच्या भागातले वृद्ध आजही काळ असा मोजतात. वेठबिगार आणि लग्नगडी या गुलामीविरुद्ध वारली उठले, त्याची सुरुवात त्या वर्षीच्या मे महिन्यात झरीच्या सभेपासून झाली. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि त्यांचे चार साथी मारले गेले. लढ्याचे नेते गोदावरी आणि शामराव परुळेकर. त्यातले शामराव त्याआधी बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार होते, हे आपल्या तरुणांपैकी किती जणांना ठाऊक आहे? कम्युनिस्टांशी आपले मतभेद आहेत आणि ते राहतील. पण दर १० ऑक्टोबरला तलासरीत लाल बावटा लावून जेठ्या गांगडांचं नाव घेतलं जातं. एका गरीब वारल्याचं नाव ऐंशी वर्षं टिकलं ते संघटनेने दरसाल घेतलं म्हणून.

आपणही हे जाणतो. कोरेगावच्या स्तंभावर ४९ नावं कोरलेली आहेत, त्यातली २२ 'नाक' लागलेली. ती नावं दगडात होती म्हणून तिथे आपला इतिहास उभा राहिला. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले आणि आता लाखो जातात. पहिल्या महायुद्धातल्या बसऱ्याच्या स्मारकावर मात्र अधिकाऱ्यांची नावं आणि साध्या हिंदी शिपायांचे नुसते आकडे. ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धकबरी सांभाळणाऱ्या आयोगाने हा भेदभाव २०२१ साली अहवाल काढून मान्य केला. नाव कोरणं किती झोंबतं हे पाहायचं तर वढू बुद्रुक आठवा. डिसेंबर २०१७ मध्ये गोविंद गोपाळ महार यांच्या समाधीजवळ लावलेला फलक दुसऱ्याच दिवशी उखडला गेला होता.

तर कबर. एका सकाळी वनहक्क समिती जागेवर आली. आजीला खुर्चीवर बसवून नेलं. तिला आणि त्या बाबांना आम्ही वेगवेगळं विचारलं, एकमेकांसमोर नाही. दोघांनी दाखवलेल्या जागांत चार-पाच पावलांचं अंतर निघालं. निरगुडीचं झुडूप बाजूला केलं तर एक बिनघडीचा दगड, अर्धा मातीत. खणायचं नाही हे आधीच ठरलं होतं. फोटो, पंचनामा, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश, दोघांचे जबाब, सोबत कोतवाल बुकाची नक्कल आणि वंशावळ. ग्रामसभेने दावा मंजूर केला. हात वर करणाऱ्यांत बहुतेक वारली होते, हे मुद्दाम नोंदवतो.

घाई का, तर मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि बुलेट ट्रेन दोन्ही याच दोन तालुक्यांतून जातात, आणि वाढवणचं बंदर डहाणूतच होतंय. मोजणीदार आला की झाड मोजतो, विहीर मोजतो, घर मोजतो. निरगुडीखालचा दगड त्याला कोण दाखवणार? २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणाम तपासताना दफन आणि दहनभूमीचा विचार करा, असं लिहिलंय. पुनर्वसनाच्या सोयींमध्येही दफनभूमी येते, पण कशी? 'तिथल्या जातिसमूहांनुसार व त्यांच्या प्रथांनुसार'. मेल्यावरही जातवार वाटणी होते हे संसदेला माहीत होतं आणि तिने ते जसंच्या तसं तक्त्यात उतरवलं. तरीही जुनी जागा आधी कागदावर असेल तरच यातलं काही पदरात पडेल.

आमची फाइल अजून वर आहे. दरम्यान घरात वेगळाच वाद सुरू आहे. तिथे छोटी फरशी बसवायची असं ठरलं, पण नाव काय कोरायचं? नोंदीत पाटलाने नावाला 'या' लावून लिहिलंय, तेव्हा आपल्या माणसांना तसंच पुकारायचे. काका म्हणतात, पूर्ण आणि मानाचं नाव कोरा, शंभर वर्षांनी तरी. बाबा म्हणतात, दाव्यातलं नाव आणि दगडावरचं नाव वेगळं निघालं तर उद्या कुणीतरी म्हणेल की हा माणूसच दुसरा. आजीला विचारलं. ती म्हणाली, तिने ते नाव कधी तोंडाने घेतलंच नाही, आजेसासऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती.