सोढल या नांवाचे तिघे

पोथ्यांच्या पुष्पिका वाचणारास एका नांवाचे दोन ग्रंथकार भेटणें कांहीं नवें नाहीं. भास्कर, विश्वनाथ, रामचंद्र हीं नांवें इतकीं सामान्य आहेत कीं, तीं दिसतांच वाचक सावध होतो. खरा घात होतो तो विरळ नांवानें. नांव दुर्मिळ, तेव्हां माणूसही एकच, असें मन परस्पर ठरवून टाकतें. ‘सोढल’ हें असेंच एक नांव. साहित्य, संगीत व वैद्यक या तिहींच्या इतिहासांत तें येतें, आणि तिन्ही ठिकाणीं पुरुष निराळा आहे.

पहिला ‘उदयसुंदरीकथा’ या चंपूचा कर्ता. छापील प्रतींत त्याचें नांव ‘सोड्ढल’ असें आहे. हा लाट देशचा कायस्थ. आपलें कुल तो वलभीच्या राजवंशाशीं जोडतो. कोंकणचे शिलाहार राजे छित्तराज, नागार्जुन व मुम्मुणि या तिघां भावांचा त्यास आश्रय होता. छित्तराजाचा भांडुप येथील ताम्रपट शके ९४८ (इ. स. १०२६) चा, व अंबरनाथच्या देवळांतील मुम्मुणीच्या वेळचा लेख शके ९८२ (इ. स. १०६०) चा आहे, त्यावरून या सोढलाचा काळ अकराव्या शतकाच्या मध्याच्या आसपास येतो. ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२० सालीं प्रसिद्ध झाला.

दुसरा देवगिरीचा. ‘संगीतरत्नाकर’कार शार्ङ्गदेवाचा हा पिता. वृषगण ऋषीपासून निघालेलें हें काश्मिरी घराणें. शार्ङ्गदेवाचा आजा भास्कर दक्षिणेंत आला. सोढलानें प्रथम भिल्लमाची व पुढें सिंघणाची सेवा केली. पुष्पिकेंत त्यास ‘श्रीकरणाधिपति’ म्हटलें आहे. म्हणजे यादवांच्या लेखनदप्तराचा तो मुख्य होता. हेंच पद पुढें महादेव व रामचंद्र यांच्या कारकीर्दींत हेमाद्रीकडे होतें. एवढा मोठा अधिकारी, पण त्याचें नांव आपणांपर्यंत आलें तें मुलाच्या पुष्पिकांतून! पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९६-९७ मध्यें रत्नाकर छापला, तेव्हांपासून हें नांव महाराष्ट्रांतील संगीतज्ञांच्या नित्य परिचयाचें झालें.

तिसरा सोढल वैद्य, ‘गदनिग्रह’ या ग्रंथाचा कर्ता, बहुधा बाराव्या शतकांतला. येथें मीही फसलों आहें. बेसा येथील माझ्या संग्रहांतील गदनिग्रहाच्या वेष्टनावर मीं एके काळीं ‘संगीतरत्नाकरकाराचा पिता’ असें शाईनें लिहिलें होतें. कारणही भुलविणारें होतें. शार्ङ्गदेव आपल्याविषयीं सांगतांना रसायनांनीं रोग्यांची पीडा हरण केल्याचें सांगतो. स्वराध्यायांतील पिंडोत्पत्तिप्रकरणांत गर्भ व शरीर यांचें त्यानें केलेलें वर्णन वैद्यासच शोभणारें आहे. मुलगा वैद्यकांत निपुण, बापाचें नांव सोढल, आणि सोढलाचा वैद्यकग्रंथ उपलब्ध; मग जुळणी सहज झाली. शिवाय ‘नंदन’ शब्दाचा घोटाळा. रत्नाकराच्या पुष्पिकेंतील ‘सोढलदेवनंदन’ यांत नंदन म्हणजे पुत्र. वैद्य सोढलाच्या बाबतींत मात्र नंदन हें त्याच्या पित्याचें विशेषनाम! चाळीस वर्षें मुलांस समास शिकविलेल्या मास्तरानें यावर अडखळावें, हें हंसण्यासारखें खरें.

वैद्य सोढल हा वत्सगोत्री, गुजराथेंतील रायकवाळ ब्राह्मण, संघदयालूचा शिष्य. देवगिरीच्या घराण्याचा मूळपुरुष वृषगण, देश काश्मीर. गोत्र, देश व पिता हीं तिन्ही जुळत नाहींत. वेष्टनावरील ओळ मीं खोडली, पण पुसली नाहीं.

मुलाच्या नांवाचाही असाच घोळ होतो. १३६३ सालच्या ‘शार्ङ्गधरपद्धती’चा कर्ता व ‘शार्ङ्गधरसंहिते’चा कर्ता हे दोघेही दामोदरपुत्र, ते दोघे एकच कीं काय, हा वाद वेगळा. पण त्यांतला कोणीही सोढलपुत्र शार्ङ्गदेव नव्हे. संवत् १३४३ (इ. स. १२८७) च्या प्रशस्तींतील सारंगदेव तर गुजराथचा वाघेला राजा.

सह् धातूचें ‘सोढ’ हें रूप घेऊन या नांवाची व्युत्पत्ति लावण्याचा मोह संस्कृतज्ञांस होईल. मला तें देशी नांवच वाटतें. सोढल, सोड्ढल, शोढल अशीं त्याचीं रूपें प्रतींतून येतात. कोणा संग्राहकाच्या दप्तरांत हें नांव निघाल्यास त्यांनीं केवळ नांव न कळवितां, गोत्र, पिता, गुरु व आश्रयदाता यांसह संपूर्ण पुष्पिका जशीच्या तशी उतरून पाठवावी, ही विनंती.