नाव की पदवी? : राणूबाईच्या नावाचा विचार

दैवतांची नावे ही इतिहासाची साधने होत, हे आपल्याकडे आता सर्वमान्य आहे. विठ्ठल आणि खंडोबा यांच्या नामविचारावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. तथापि नावाचा अर्थ शोधण्यापूर्वी विचारावयाचा एक प्रश्न बहुधा राहून जातो : जे नाव म्हणून आपल्यापुढे येते, ते नावच आहे काय? आमच्या मते अनेक देवतांच्या, विशेषतः स्त्रीदेवतांच्या बाबतीत, ते नाव नसून पदवी असते. खानदेशातून सुरतेस गेलेल्या एका देवीच्या उदाहरणाने हे स्पष्ट करता येईल.

सुरत शहराच्या आग्नेय भागातील लिंबायत येथे धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांतून कापडधंद्याच्या आश्रयाने आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तापीच्या वरच्या खोऱ्यातून ही माणसे तिच्या मुखाकडे आली, आणि येताना आपले कुळाचारही घेऊन आली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला देवीचे रूप देऊन सजवितात, गव्हाचे रोट करतात आणि सोमवारी विसर्जन होते. या कानबाईच्या जोडीने रानबाईचेही नाव घेतले जाते. 'रानबाई' म्हणजे रानातली देवी, असा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात सहज उभा राहतो. परंतु सहज सुचणारा अर्थ खरा असतोच असे नाही.

अहिराणीत 'ण'चा उच्चार 'न' होतो. 'पाणी' तेथे 'पानी' होते, 'लोणी' 'लोनी' होते. तेव्हा 'रानबाई' हे मुळात 'राणबाई' असणे उच्चारदृष्ट्या अगदी शक्य आहे, आणि या तर्काला इतर पुरावा अनुकूल आहे. श्रावणातल्या रविवारी सांगितली जाणारी आदित्य राणूबाईची कहाणी मराठी घरांना परिचित आहे. खानदेशाला लागून असलेल्या निमाडात चैत्रातील गणगौरीच्या उत्सवात रणूबाई ही धणियर राजाची, म्हणजे सूर्याची, पत्नी होय. गुजराती घरांत सूर्यपत्नी 'रन्नादे' किंवा 'रांदल' या नावाने पुजली जाते. लग्नादी मंगलप्रसंगी तिचे लोटे मांडतात आणि तेथेही नारळालाच देवीचे रूप देतात. मत्स्यपुराणात सूर्याच्या तीन पत्नी सांगितल्या आहेत : संज्ञा, राज्ञी आणि प्रभा. यांतील 'राज्ञी'चे प्राकृतात 'रण्णी' झाले. त्यातूनच आपली 'राणी' आली, राणूबाईतली 'राणू' आली, आणि 'राज्ञीदेवी'ची 'रन्नादे' झाली.

आता 'आदित्य राणूबाई' हे नाव पुन्हा पाहावे. त्यात 'राणू' ही पदवी आहे, 'बाई' हाही आदरवाचक शब्द आहे, आणि 'आदित्य' हे पतीचे नाव आहे. देवीचे स्वतःचे नाव त्यात कोठेच नाही! मराठी समाजात याचे नवल वाटू नये. वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारणे आपण अनादराचे मानतो. आई, आबा, दादा म्हणतो. तोच शिष्टाचार देवतेलाही लागू झाला. पूजकाने पदवी उच्चारली, पिढ्यानंतर पदवीचा अर्थ विसरला गेला, आणि ती नाव होऊन बसली.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. दूरच्या आयर्लंडच्या पुराणकथांत 'मॉरीगन' नावाची युद्धदेवी आहे. तिच्या नावातील 'रीगन' म्हणजे राणी. हा शब्द आणि संस्कृत 'राज्ञी' एकाच मुळाचे. तेथील 'दाग्दा' या देवाच्या नावाचा अर्थ 'चांगला देव', म्हणजे सर्व कामांत निपुण. त्यालाच 'सर्वांचा पिता' अशीही पदवी आहे. 'ब्रिगिद' म्हणजे उन्नत. आपल्या 'बृहती'शी तिचे नाते आहे. मॉरीगनच्या नावातील पहिल्या अवयवाविषयी मात्र पंडितांत मतभेद आहे. त्यातील स्वर दीर्घ मानला तर 'महाराणी' असा अर्थ होतो, ऱ्हस्व मानला तर 'भयराज्ञी'. एका स्वराने देवीचे रूप पालटते, तसे आपल्याकडे 'न' आणि 'ण' यांच्या भेदाने रानातली देवी राणी ठरते.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. पदवी समान असली म्हणजे देवता एकच, असे अनुमान निघत नाही. राण्या अनेक असू शकतात. आयरिश देवी आणि राणूबाई यांचा संबंध शब्दापुरता आहे. त्यापलीकडे जाणे म्हणजे कल्पनाविलास होय. राणूबाई आणि रन्नादे यांची गोष्ट वेगळी. तेथे पदवी, पती आणि मुलूख या तिन्हींचा मेळ बसतो. म्हणून लिंबायतमधील अहिराणी घर आणि वराछातील सौराष्ट्री घर एकाच राज्ञीला दोन भाषांत हाक मारतात, असे म्हणण्यास बळकट आधार आहे.

या विचाराचे महत्त्व केवळ व्युत्पत्तीपुरते नाही. घरी अहिराणी, शाळेत मराठी अथवा गुजराती आणि बाजारात हिंदी अशा भाषांत वाढणाऱ्या मुलाला आपल्या आजीचा 'न' हा अशुद्ध उच्चार वाटू लागतो. तो सुधारण्याच्या भरात आजीचे शब्दच गळून पडतात, आणि त्यांबरोबर त्यांत साठलेला इतिहासही जातो. वास्तविक तो 'न' म्हणजे बोलीचा नियम आहे, आणि तो ओळखल्यावरच त्यामागची राणी दिसते. मराठी शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून घरच्या देवतांची नावे, जशी उच्चारली जातात तशीच, लिहून घ्यावीत. शुद्ध करून नव्हे. अर्थ मागाहून लावता येतो. हरवलेला उच्चार मात्र मागाहून मिळवता येत नाही.