नाकारलेला संपर्क : जुना संगणक, दूरस्थ शेल आणि वारणा खोऱ्याचा अनुभव

बीजसंज्ञा : दूरस्थ शेल, एसएसएच, वारणा वायर्ड व्हिलेज, सहकार, अंकीय अभिलेख

प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्याच्या पन्हाळा तालुक्यातील कोडोली आणि त्याला लागूनच वाढलेले वारणानगर यांचा इतिहास बहुधा ऊस, दूध आणि सहकार या तीन शब्दांत सांगितला जातो. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात येथे सहकारी साखर कारखान्याची उभारणी सुरू झाली आणि त्याभोवती दूध संघ, शिक्षणसंस्था, बाजार असा परिवार वाढत गेला. या इतिहासात संगणकाचेही एक प्रकरण आहे. मात्र त्याकडे इतिहासाच्या अभ्यासकांपेक्षा तंत्रज्ञांनी आणि विकास-अभ्यासकांनीच अधिक लक्ष दिलेले दिसते.

प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता किरकोळ आहे. जुन्या संगणकावरून दूरच्या संगणकाशी शेलद्वारे संपर्क साधू पाहिले असता पडद्यावर नकाराची एक ओळ उमटते आणि काम तेथेच थांबते. कार्यालयात याला 'बिघाड' म्हणतात व दुरुस्तीसाठी माणूस बोलावतात. परंतु पुष्कळदा तेथे काहीही बिघडलेले नसते. जुना संगणक काल चालत होता तसाच आज चालत असतो. बदललेले असतात ते पलीकडच्या बाजूचे नियम. हा नकार म्हणजे गेल्या तीस वर्षांत घेतल्या गेलेल्या काही निर्णयांचा दस्तऐवज होय आणि तो तसा वाचता येतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

विश्वासावर चालणारे जाळे

एका ठिकाणी बसून दुसऱ्या ठिकाणच्या संगणकाला आज्ञा देण्याची सोय संगणकजाळ्याइतकीच जुनी आहे. १९६९ मध्ये अर्पानेटच्या आरंभीच टेलनेटची कल्पना मांडली गेली. १९८३ मध्ये बर्कले विद्यापीठाच्या युनिक्सबरोबर आर-लॉगिन व आरएसएच, म्हणजे 'रिमोट शेल', या आज्ञा सर्वत्र पोहोचल्या. या सर्वांचा पाया परस्परविश्वासाचा होता. टेलनेटमध्ये परवलीचा शब्द तारेवरून उघडाच जात असे. आरएसएचमध्ये तर पुष्कळदा तोही लागत नसे. येणाऱ्या संगणकाचे नाव विश्वासू यंत्रांच्या यादीत असले की पुरे. मोजक्या विद्यापीठांचे व संशोधनसंस्थांचे जाळे असेपर्यंत हे निभावले. गावात सर्व घरांना कड्या असाव्यात आणि कुलपे नसावीत, तसा तो प्रकार होता.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटलेल्या मॉरिस वर्मने या विश्वासाची मर्यादा दाखवून दिली. हा स्वतः पसरणारा प्रोग्रॅम इतर वाटांबरोबरच विश्वासू यंत्रांच्या याद्यांचाही उपयोग करून एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला. तरीही टेलनेट आणि आरएसएच पुढे कित्येक वर्षे वापरात राहिले. सवय मोडण्यास एक अपघात पुरत नाही.

१९९५ : दोन घटना

हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर १९९५ मध्ये कोणीतरी परवलीचे शब्द चोरून ऐकत असल्याचे उघडकीस आले. तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून सिक्युअर शेल अथवा एसएसएच हा प्रोग्रॅम लिहिला आणि जुलै १९९५ मध्ये तो खुला केला. फाइल हस्तांतरणाचे एफटीपी २१ व्या आणि टेलनेट २३ व्या पोर्टवर होते. मधला २२ हा क्रमांक रिकामा होता. तो त्यांनी मागितला व त्यांना लगेच मिळाला. आजही जगभर एसएसएच याच दारावर उभे असते.

त्यानंतर काही आठवड्यांतच, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगम लिमिटेडने भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. त्या सेवेतील स्वस्त प्रकाराला 'शेल खाते' असेच नाव होते. दूरध्वनीच्या तारेवरून निगमच्या युनिक्स संगणकाशी जोडून घ्यावयाचे आणि काळ्या पडद्यावर अक्षरांतच पत्रे वाचावयाची, लिंक्सने पाने पाहावयाची, असे त्याचे स्वरूप होते. विद्यार्थ्यांसाठी हेच खाते परवडणारे होते. भारतातील पहिल्या पिढीच्या अनेक वापरकर्त्यांची इंटरनेटशी पहिली ओळख अशा रीतीने दूरस्थ शेलमधूनच झाली. या दोन घटनांतील अंतर अवघ्या काही आठवड्यांचे आहे, ही बाब लक्षणीय वाटते. जुनी खुली पद्धत असुरक्षित ठरून तिला पर्याय उभा राहत होता, त्याच वेळी ती आपल्याकडे नव्या सुविधेच्या रूपाने येत होती. तंत्रज्ञान उशिरा मिळणाऱ्या समाजाला पुष्कळदा त्याची मावळती बाजूच प्रथम भेटते.

वारणेचे तारांकित गाव

वारणानगर परिसरातील 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प या पार्श्वभूमीवर पाहावयास हवा. पंतप्रधानांनी नेमलेल्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाच्या काळात, १९९८ मध्ये, हा पथदर्शी प्रकल्प हाती घेण्यात आला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणाकाठची सुमारे ७० गावे त्याच्या कक्षेत होती. अंमलबजावणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे होती. खर्चाचा निम्मा वाटा केंद्राने, ४० टक्के राज्याने आणि उरलेला १० टक्के वारणा समूहाने उचलावयाचा होता. उपग्रहाधारित व्हीसॅट जोडणी, गावोगावची संगणक केंद्रे, शेतीविषयक माहिती, बाजारभाव, आरोग्य, शिक्षण असा त्याचा मोठा आराखडा होता.

प्रत्यक्षात काय टिकले? गावच्या केंद्रातील संगणकाचे मुख्य काम उसाच्या व्यवहाराचे राहिले. उसाची नोंद, तोडणीची पाळी, खतांची उचल, पाठवलेले वजन आणि बिल या गोष्टी शेतकऱ्याला गावातच कळू लागल्या. त्यासाठी कारखान्याच्या कार्यालयापर्यंत हेलपाटा घालण्याची गरज कमी झाली. ऊस उत्पादकाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. तोडणीची पाळी आठ दिवस पुढे जाणे म्हणजे काय, हे ज्याचा ऊस फडात वाळतो त्यालाच ठाऊक. आरोग्य आणि शिक्षण यांविषयीचे संकल्प मात्र मागे पडले. याला केवळ अपयश म्हणणे योग्य होणार नाही. ज्या व्यवहाराला सहकारी संस्थेची आधीच बळकट चौकट होती तेवढा संगणकावर टिकला, असे म्हणणे अधिक नेमके होईल.

परंतु यंत्रे जुनी होत गेली. केंद्रांतील संगणक, दूरध्वनीवरची जोडणी, वीज, दुरुस्ती यांचा भार वाढत गेला. या टप्प्यावर मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा यांनी 'वारणा अनवायर्ड' हा प्रयोग केला. संगणकाच्या जागी मोबाईल फोन आणि लघुसंदेश अशी त्याची रचना होती. सात गावांत आठ महिने ही व्यवस्था चालवून पाहण्यात आली. संगणकावरील सर्व कामे लघुसंदेशातून होऊ शकतात, खर्च कमी येतो आणि शेतकऱ्यांना ती अधिक सोयीची वाटते, असे या संशोधकांनी नोंदवले. या प्रयोगाचे निष्कर्ष २००७ मध्ये परिषदेत व पुढे २००९ मध्ये संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाले.

वारणेतील अडचण ही कूटलेखनाच्या किल्ल्यांची नव्हती, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. तरीही दोन्ही प्रसंगांत एक साम्य आहे. संपर्काची दोन टोके एकाच वेगाने म्हातारी होत नाहीत. नव्या टोकाने आपली भाषा बदलली की जुन्या टोकापुढे तीनच वाटा उरतात : स्वतः बदलणे, मध्ये दुभाषी बसविणे किंवा गप्प राहणे. वारणेच्या प्रयोगाने जुने टोकच काढून टाकले. ते शक्य झाले, कारण शेतकऱ्याला हवी असलेली माहिती लघुसंदेशात मावेल इतकी नेटकी होती. सर्वत्र तसे नसते.

सक्तीपासून मनाईपर्यंत

एसएसएचची दुसरी आवृत्ती जानेवारी २००६ मध्ये इंटरनेटच्या मानकांत लिहिली गेली. त्या मानकानुसार डिफी-हेलमन 'ग्रुप १' ही किल्ली ठरविण्याची पद्धत आणि डीएसए प्रकारची ओळख-किल्ली या दोन्ही गोष्टी प्रत्येक प्रोग्रॅममध्ये असणे बंधनकारक होते. पहिली पद्धत १०२४ बिटांच्या एका ठरावीक मूळसंख्येवर आधारलेली आहे. २०१५ मध्ये 'लॉगजॅम' या नावाने प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले की, अशा संख्येवर एकदाच प्रचंड गणित करून ठेवले तर पुढचे संभाषण उलगडणे बलाढ्य शासनाच्या आवाक्यात येते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओपनएसएसएचच्या ७.० आवृत्तीने ही पद्धत आणि डीएसए किल्ल्या दोन्ही मूळ मांडणीतून बंद केल्या. २००६ मध्ये जे सक्तीचे होते ते नऊ वर्षांत नकोसे झाले.

पुढचा क्रम वेगाने घडला. २०१७ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने व गुगलने शा-१ या पद्धतीत दोन भिन्न फाइलींचा एकच ठसा काढून दाखविला. त्याच वर्षी ओपनएसएसएचमधून पहिल्या आवृत्तीचा आधार पूर्णपणे गेला. सप्टेंबर २०२१ च्या ८.८ आवृत्तीत शा-१ वर बेतलेल्या आरएसए स्वाक्षऱ्या स्वीकारणे थांबले आणि २०२५ च्या १०.० आवृत्तीत डीएसए कायमचे काढून टाकण्यात आले. सुरक्षिततेच्या दृष्टीने यांपैकी एकही निर्णय अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु प्रत्येक निर्णयाबरोबर कोठेतरी एक जुना संगणक बाहेर राहिला. विंडोज एक्सपीवर पुटी या प्रोग्रॅमची एखादी फार जुनी प्रत अजून चालू असेल, तर नव्या सर्व्हरशी बोलण्यासाठी लागणारी भाषाच त्या प्रतीला येत नाही.

नकाराचे वाचन

या कारणाने नकाराची ओळ नीट वाचणे आवश्यक ठरते. पडद्यावर काहीच न येता वेळ संपत असेल तर निरोप पोहोचलेलाच नाही; तारेचा, पत्त्याचा किंवा मध्येच अडवणाऱ्या भिंतीचा प्रश्न आहे. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असे तत्काळ आले तर पलीकडचे घर सापडले आहे, पण २२ क्रमांकाच्या दारावर कोणी उभे नाही किंवा तेथून परत पाठविण्याचा हुकूम आहे. या दोन्ही प्रसंगी किल्ल्या बदलून काहीही साध्य होत नाही, तरी अननुभवी माणूस प्रथम तेच करतो.

'जुळणारी किल्ली-विनिमय पद्धत नाही' अशा आशयाचा संदेश वेगळा. येथे दार उघडले, नमस्कार झाला, दोघांनी आपापल्या पद्धतींच्या याद्या पुढे केल्या आणि त्यांत एकही समान निघाली नाही. नव्या आवृत्तीत पलीकडच्याने देऊ केलेली यादीही संदेशात छापली जाते. तीवरून पलीकडचा संगणक साधारण कोणत्या काळातील आहे, हे कागदाच्या जलचिन्हावरून काळ ठरवावा तसे ठरविता येते. याद्या जुळूनही शेवटी परवानगी नाकारली गेली, तर काही वेळा किल्ली बरोबर असते, परंतु तिची स्वाक्षरी शा-१ ची असते.

नव्या संगणकावरून जुन्याकडे जावयाचे असल्यास त्या एकाच यंत्रापुरती जुनी पद्धत पुन्हा चालू करता येते. तेवढी सवलत ओपनएसएसएचने बराच काळ ठेवली आहे. डीएसए मात्र १०.० पासून तीतही बसत नाही. जुन्याकडून नव्याकडे जाताना पेच अवघड होतो. सर्व्हरचे नियम सर्वांसाठी सैल करणे हा सोपा आणि चुकीचा उपाय आहे, कारण एका जुन्या पाहुण्यासाठी सगळ्या घराचे कुलूप काढले जाते. त्याऐवजी मध्ये एक दुभाषी संगणक ठेवावा. तो आतल्या बाजूने, बाहेरच्या जाळ्यापासून तोडलेल्या छोट्या जोडणीवर, जुन्याशी जुन्या भाषेत बोलेल आणि बाहेरच्या बाजूने नव्या नियमांनी. जुन्या यंत्रासाठी नवा प्रोग्रॅम उपलब्ध असेल तर अर्थातच तो बसविणे सर्वांत सरळ.

अभिलेखांचा प्रश्न

हा प्रश्न महाविद्यालयांच्याही दारात आहे. जुना संगणक कोपऱ्यात चालू ठेवला जातो तो बहुधा हौसेने नव्हे. त्यावरील प्रवेशाच्या, निकालाच्या, सभासदांच्या किंवा हिशेबाच्या नोंदी दुसरीकडे उघडत नाहीत म्हणून. उद्याच्या इतिहासकाराला १९९० नंतरच्या सहकाराचा अभ्यास करावयाचा असेल तर ताम्रपट आणि मोडी रुमाल त्याच्या कामाचे नाहीत. त्याची साधने अशाच यंत्रांत आहेत. मोडी कागदाला निदान वाचणारा माणूस शिकवून तयार करता येतो. चकती बंद पडली की शिकवावयास काही उरत नाही.

शिवाय संपर्क जुळला म्हणजे वाचन झाले असेही नाही. त्या काळातील मराठी मजकूर बहुधा सी-डॅकच्या आयएसएम किंवा श्रीलिपीसारख्या प्रणालींतील स्वतंत्र संकेतांत टंकलेला आहे. फाइल सुखरूप नव्या संगणकावर आली तरी योग्य फॉण्टवाचून ती निरर्थक चिन्हांची रांग दिसते. म्हणून फाइलींबरोबर फॉण्टची, मूळ प्रोग्रॅमची आणि त्याच्या आवृत्तीच्या नोंदीची प्रत घेणे तितकेच महत्त्वाचे आहे. हे काम दूरस्थ शेलची वाट न पाहता यंत्र सुरू होते तोवर उरकावे. चकती बाहेर काढून दुसऱ्या संगणकाला केवळ वाचनापुरती जोडणे पुष्कळदा अधिक खात्रीचे ठरते. त्यानंतरच ते यंत्र निर्लेखनाच्या यादीत घालावे. आज महाविद्यालयांच्या जडवस्तू नोंदवहीत संगणकाची खरेदी, किंमत आणि निर्लेखनाची तारीख यांसाठी रकाने असतात. त्यात काय साठवले होते आणि ते कोठे हलविले, यासाठी रकाना सहसा नसतो.