हँडल लॉक (दुचाकी)

हँडल लॉक किंवा स्टीअरिंग लॉक हे मोटारसायकल, स्कूटर यांसारख्या दुचाकी वाहनाचे हँडल एका बाजूस वळलेल्या स्थितीत जखडून ठेवणारे यांत्रिक कुलूप होय. हँडल जखडलेले वाहन ढकलत नेता येत नाही. ते वर्तुळाकार फिरत राहते. या कुलपामुळे चोरी अशक्य होत नाही, परंतु तीस विलंब लागतो, आणि चोरीच्या बाबतीत विलंब हेच मोठे संरक्षण असते. प्रस्तुत लेखात या कुलपाची रचना, बिघाड, बदल व निगा यांचे वर्णन असून उदाहरणे मुख्यतः सातारा व सांगली या जिल्ह्यांतील हवामान व रस्ते यांच्या अनुषंगाने दिली आहेत.

रचना व कार्य

हँडल लॉकचे तीन मुख्य भाग असतात: चावी ज्यात जाते तो दंडगोल, त्याभोवतीचे धातूचे आवरण आणि बाहेर सरकणारी पोलादी खिट्टी. दंडगोलात निरनिराळ्या उंचीच्या पातळ पितळी पट्ट्या बारीक स्प्रिंगांवर बसविलेल्या असतात. चावी नसताना या पट्ट्या आवरणाच्या खाचेत घुसून दंडगोल अडवून धरतात. योग्य चावी घातली की तिच्या दात्यांमुळे सर्व पट्ट्या एकाच पातळीवर येतात व दंडगोल फिरतो. तो फिरला की त्याच्या टोकाशी असलेला उंचवटा खिट्टीस पुढे किंवा मागे सरकवतो.

खिट्टी कोठे अडकते यावरून दोन प्रकार पडतात. जुन्या मोटारसायकलींत, उदाहरणार्थ जुन्या बुलेटमध्ये, कुलूप स्वतंत्र असून ते चौकटीच्या पुढील नळीपाशी असते आणि त्याची खिट्टी हँडलच्या दांड्यातील छिद्रात शिरते. इंजिन चालू करण्याचा स्विच निराळा असतो. आजच्या बहुतेक मोटारसायकलींत स्विच व कुलूप एकत्र असतात. हा संच फोर्कच्या दोन नळ्यांना वरून जोडणाऱ्या पट्टीवर बसविलेला असल्याने तो हँडलबरोबर फिरतो, व खिट्टी चौकटीवरील अडणीत अडकते. हँडल पूर्णपणे डावीकडे वळवून, चावी आत दाबून मग फिरविल्याखेरीज हे कुलूप सहसा लागत नाही. ही दाबण्याची अट गैरसोयीची वाटली तरी तिचे कारण गंभीर आहे: चालत्या गाडीचे हँडल चुकून जखडले तर स्वार वाचणे कठीण. हँडलने वळणाऱ्या वाहनांच्या अनधिकृत वापरास प्रतिबंध करणाऱ्या साधनांविषयी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली तयार झालेल्या नियमावलीतही (क्रमांक ६२) अपघाताने कुलूप लागू नये या तत्त्वास महत्त्वाचे स्थान आहे.

पार्श्वभूमी

पश्चिम जर्मनीत १९६०च्या दशकाच्या प्रारंभी मोटारींना स्टीअरिंगचे कुलूप सक्तीचे करण्यात आले. भारतात सर्वसामान्य कुटुंबाची या कुलपाशी ओळख झाली ती मुख्यतः स्कूटरमुळे. व्हेस्पाच्या धर्तीवरील स्कूटरांत पायांपुढील पत्र्याच्या बाजूने चावी लागत असे. सातारा शहराचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. बजाज ऑटो व पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या सातारा येथील कारखान्यात ‘प्रिया’ स्कूटर तयार होऊ लागली. नोंदणी करून स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागण्याच्या त्या काळात गाडी चोरीस जाणे म्हणजे केवळ पैशाचे नुकसान नव्हते. १९८५ साली आलेल्या हिरो होंडा सीडी १०० नंतर हलक्या चारटप्पी इंजिनाच्या मोटारसायकली गावोगाव पोहोचल्या. सातारा (एमएच-११), सांगली (एमएच-१०) व कराड (एमएच-५०) या नोंदणीच्या दुचाकींत आज त्याच घाटाच्या गाड्या मोठ्या संख्येने दिसतात.

बिघाडाची कारणे

१९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. एकेकाळी एकच असलेल्या या मुलुखात हवामानाची टोके मात्र दोन आहेत. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत या पट्ट्यात तो सरासरी सुमारे ५०० मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असतो. पश्चिमेकडे चावीच्या छिद्रात पाणी साचून स्प्रिंगा गंजतात. पूर्वेकडे बारीक धूळ आत जाऊन पट्ट्या अडकतात. पहिल्या ठिकाणी उपयोगी पडणारा उपाय दुसऱ्या ठिकाणी अपाय करू शकतो. धुळीच्या प्रदेशात कुलपात घातलेले घट्ट तेल धूळ धरून ठेवते आणि काही आठवड्यांत त्याचा चिखल होतो.

चावीच्या जुडग्याचे वजन हे दुर्लक्षित कारण होय. घराची, कपाटाची, दुकानाची अशा सर्व चाव्या गाडीच्या चावीला लटकवल्या की खराब रस्त्यावर ते ओझे सतत हिंदकळते व दंडगोल आणि चावी दोन्ही झिजतात. झीज वाढली की चालत्या गाडीतून चावी गळून पडते, अथवा कोणत्याही चावीने कुलूप उघडू लागते.

पडलेल्या किंवा धडकलेल्या गाडीचे कुलूप लागत नसेल तर दोष पुष्कळदा कुलपात नसतोच. चौकटीवरील अडण वाकल्यामुळे खिट्टी आणि छिद्र समोरासमोर येत नाहीत. अशा वेळी नवे कुलूप बसवणे हा निव्वळ खर्च ठरतो. परीक्षा सोपी आहे: हँडल सरळ असताना चावी स्विचच्या बंद व चालू या स्थानांत सहज फिरत असेल, पण वळवून कुलूप लावतानाच अडत असेल, तर प्रथम अडण तपासावी. उघडताना चावी अडल्यास ती जोराने पिळू नये. उतारावर किंवा बाजूच्या स्टँडवर उभ्या गाडीत हँडलचा भार खिट्टीवर येतो. हँडल किंचित हलवत चावी फिरविली की ती सुटते. चाव्या मोडतात त्या बहुधा याच प्रसंगी.

पुराच्या पाण्यातील वाहने

कृष्णाकाठी या कुलपाचा आणखी एक शत्रू आहे. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ व २०२१ मध्येही शहरात पाणी शिरले होते. बुडालेल्या दुचाकीच्या इंजिनाकडे व वायरींकडे मालकाचे लक्ष जाते, कुलपाकडे जात नाही. पुराचा गाळ अतिशय बारीक असतो आणि वाळल्यावर तो दंडगोलात घट्ट बसतो. गाळ ओला असतानाच छिद्र स्वच्छ पाण्याने धुऊन, हवेच्या झोताने कोरडे करून, पाणी हटवणारा फवारा मारावा व चावी अनेकदा आतबाहेर करावी. स्विच एकत्र असल्यास त्याआधी बॅटरी सोडवणे आवश्यक असते. गाळ वाळल्यावर चावी बळाने घातल्यास पट्ट्या वाकतात आणि संच बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पाणी चढत असताना कुलूपबंद गाडी शेजाऱ्यांना हलवता येत नाही, ही अडचणही लक्षात घ्यावी. पूरपट्ट्यातील घरी दुसरी चावी हाताशी असणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

कुलूप बदलणे

बाजारात केवळ स्विचसह कुलूप, तसेच पेट्रोलच्या टाकीचे झाकण व आसन किंवा बाजूचे पॅनेल यांच्या कुलपांसह पूर्ण ‘लॉक सेट’ मिळतो. एकटे कुलूप स्वस्त पडते, पण मग एकाच गाडीसाठी दोन चाव्या बाळगाव्या लागतात.

प्रथम बॅटरीची ऋण तार काढतात. पुढील दिव्याचा भाग उतरवून स्विचच्या वायरींचा जोड मोकळा करतात. वायरी कोणत्या वाटेने गेल्या आहेत याचे छायाचित्र घेऊन ठेवणे हितावह. संच वरच्या पट्टीस सहसा दोन बोल्टांनी खालून जोडलेला असतो. काही गाड्यांत ते साध्या पान्याने निघतात. काहींत चोरी टाळण्यासाठी डोके तुटणारे बोल्ट असतात. कारखान्यात आवळताना त्यांचे षट्कोनी डोके तुटून गुळगुळीत गोल भाग उरतो. तो काढण्यासाठी कडेला छिन्नी तिरपी धरून हलके ठोके देत बोल्ट उलट दिशेने फिरवतात. न फिरल्यास मधोमध भोक पाडून काढतात. पट्टी ॲल्युमिनियमची असल्यास हातोडा जपून वापरावा, कारण तिला चीर गेली तर ती साध्या नजरेस दिसत नाही आणि फोर्कचा आधार तिच्यावरच असतो.

नवा संच बसविल्यावर खिट्टी पूर्ण मागे जाते की नाही ते पाहणे सर्वांत महत्त्वाचे. गाडी उभी करून हँडल दोन्ही टोकांना अनेकदा वळवावे. कोठेही घासल्याचा आवाज येता कामा नये. त्यानंतर गिअर न टाकता इंजिन चालू ठेवून हँडल पुन्हा दोन्हीकडे वळवावे. इंजिन बंद पडल्यास किंवा दिवा लुकलुकल्यास वायर ताणली जात आहे असे समजावे. हा दोष रस्त्यावर, नेमका वळणावर प्रकट होतो. इंजिन बंद करून उतार उतरण्याची पेट्रोल वाचवणारी सवय खंबाटकी किंवा पसरणीसारख्या घाटांत एरवीही घातक आहे; झिजलेल्या वा सदोष बसविलेल्या कुलपाच्या गाडीत ती अधिकच घातक ठरते.

निगा

कोरड्या भागात ग्राफाइटची पूड चावीला लावून ती काही वेळा आतबाहेर करणे पुरेसे असते. पावसाळी भागात पातळ फवारा वर्षातून दोनतीनदा, विशेषतः पावसाळ्याच्या आधी व नंतर मारावा. खाद्यतेल किंवा इंजिनातील वापरलेले तेल घालण्याची पद्धत सर्रास आढळते, ती टाळावी. धुलाई केंद्रातील दाबाच्या पाण्याचा झोत थेट छिद्रावर धरू देऊ नये. स्कूटरांच्या छिद्रावरील चुंबकीय झडप चोरीबरोबरच धूळ व पाणीही अडवते, पण तिच्यात गाळ अडकला की चावीच आत जात नाही.

नवी चावी करवून घेताना नेहमीची झिजलेली चावी नमुना म्हणून देऊ नये, कारण तिची झीजही नव्या चावीत उतरते. घरात न वापरता ठेवलेली मूळ चावी द्यावी. चावीसोबत क्रमांकाची पट्टी आली असल्यास तो क्रमांक गाडीपासून दूर, कागदपत्रांत जपावा.

कायदा व विमा

वाहनचोरी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येते. पूर्वी त्यासाठी भारतीय दंड संहितेचे कलम ३७९ लागू होत असे. चोरीच्या दाव्यात विमा कंपन्या सामान्यतः गाडीच्या सर्व मूळ चाव्या मागतात. कुलूप बदललेले असल्यास जुन्या आणि नव्या चाव्यांचा मेळ बसत नाही व दावा रेंगाळतो. त्यामुळे कुलूप बदलल्याची पावती, गाडीचा क्रमांक त्यावर लिहवून घेऊन, जुन्या चाव्यांसह विम्याच्या कागदांत ठेवणे इष्ट असते.