बोरघाट, नालबंद आणि खुराचे शास्त्र

मराठेशाहीत शिलेदाराला स्वतःच्या घोड्यासह चाकरीस हजर होण्यासाठी जी आगाऊ रक्कम दिली जाई, तिला ‘नालबंदी’ म्हणत. घोड्याच्या पायांत ठोकायच्या लोखंडावरून लष्करी खर्चाच्या एका बाबीस नाव मिळावे, यावरून या कामाचे मोल ध्यानी येते. ‘नाल’ शब्द अरबी, ‘नालबंद’ फारसी वळणाचा. मराठीत तो व्यवसायाचे व पुढे आडनावही झाला. नालबंदाचे शिक्षण मात्र पाठशाळेत नव्हे, बापाच्या हाताखाली भात्याशेजारी होई.

मावळात या विद्येची कसोटी बोरघाट पाही. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, हा घाट चाकांच्या वाहनांसाठी खुला झाला आणि चढउताराचा भार बैलांच्या खुरांवर आला. बैलाचा खूर दुभंगलेला. त्याला घोड्याचा अखंड नाल चालत नाही. प्रत्येक नखीला वेगळी पत्री मारावी लागते, तीही बैल दोरांनी पाडून व पाय बांधून. पावसाळ्यात भिजून मऊ पडलेल्या खुरात खिळा नीट धरत नाही. लोणावळ्याच्या पावसात तर ही अडचण अधिकच. खिळा बाहेरील निर्जीव कवचातच राहिला पाहिजे. तो आतील जिवंत भागात शिरला, तर जनावर लंगडते, पू धरतो, धनुर्वाताचेही भय असते. खिळा कोठे चालला आहे हे डोळ्यांना दिसत नाही. कसलेला नालबंद ते हातोडीच्या आवाजावरून ओळखतो.

पशुवैद्यकाचे औपचारिक शिक्षण याच सुमारास सुरू झाले. १८६२ मध्ये पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली. पुढच्याच वर्षी, २१ एप्रिल १८६३ रोजी, बोरघाटातून रेल्वे धावू लागली आणि घाटरस्त्यावरील मालवाहतूक ओसरली. शास्त्र आले तेव्हा नालबंदाचे गिऱ्हाईकच कमी होऊ लागले होते! १८८६ मध्ये परळ येथे, बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाच्या आवारात, मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले. खुराची रचना अभ्यासाचा विषय झाली. हातोडी मात्र नालबंदाकडेच राहिली. लष्कराने ही फारकत बऱ्याच अंशी टाळली: मेरठच्या केंद्रात नालबंदी हा पशुवैद्यांच्याच दलातील शिकवला जाणारा व्यवसाय ठरला. नागरी जीवनात तशी सोय रुजली नाही.

लोणावळा-खंडाळ्यात पर्यटकांना फिरवणारे घोडे आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ मे २०२३ च्या निर्णयाने मावळातील बैलगाडा शर्यतींचा मार्गही निर्वेध झाला. घोड्याचा खूर महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून सहा-आठ आठवड्यांनी नाल काढून खूर तासावा लागतो. इतक्या वेळा दारी येतो तो नालबंद. लंगडण्याचे पहिले चिन्ह त्यालाच दिसते. उपचार ठरवणारा पशुवैद्य त्या वेळी सहसा तेथे नसतो.